पिझ्झा स्टोन: दोन वर्षांच्या वापरानंतर, मुख्यतः त्याच्या स्वच्छतेविषयी

गेल्या दोन वर्षांत आमच्या घरी दोन पिझ्झा स्टोन, म्हणजे ओव्हनमध्ये तापवून ज्यावर थेट पिझ्झा भाजतात ते दगड, आले. पहिला चौथ्या महिन्यात दुभंगला. दुसरा २० महिने झाले तरी आठवड्यातून एकदा, कधी दोनदा ओव्हनमध्ये जातो आणि अजून ठणठणीत आहे. दोन्ही दगड एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि नाशिकच्या भांडी बाजारातील एकाच दुकानातून घेतलेले. ओव्हन तोच, पीठ मळणारे हातही तेच. बदलली ती फक्त दगड स्वच्छ करण्याची पद्धत. म्हणून या परीक्षणात पिझ्झा कसा भाजला जातो यापेक्षा तो भाजून झाल्यावर दगडाचे काय करावे याविषयी मी अधिक लिहिणार आहे, कारण विकत घेणाऱ्याला नेमके तेच कुणी सांगत नाही.

आधी वस्तूविषयी. हा गोल दगड ३० सेंटिमीटर व्यासाचा आणि १५ मिलिमीटर जाडीचा असून त्याचे वजन २ किलोंच्या किंचित वर भरते. रंग फिकट बदामी, पृष्ठभाग बारीक वाळूच्या कागदासारखा खरखरीत. तो खाणीतून काढलेला अखंड दगड नसतो. कॉर्डिएराइट नावाच्या पदार्थाचा, भट्टीत पक्का भाजलेला तो एक सच्छिद्र तवाच असतो. मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम आणि सिलिका यांपासून बनलेल्या या खनिजाला फ्रेंच भूवैज्ञानिक लुई कॉर्दिए यांचे नाव दिलेले आहे. कुंभारकामाच्या आधुनिक भट्ट्यांमध्ये भांडी रचण्यासाठी ज्या फळ्या वापरतात त्या बहुधा याच पदार्थाच्या असतात. नाशिकच्या सातपूर-अंबड भागातील वाहन उद्योगात काम करणाऱ्यांना तो वेगळ्या रूपात परिचित असेल. गाडीचा धूर कमी विषारी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधील मधमाश्यांच्या पोळ्यासारखा जाळीदार गाभा अनेकदा कॉर्डिएराइटचाच असतो. या सगळ्या ठिकाणी तो निवडण्याचे कारण एकच: तापल्यावर तो फारच थोडा प्रसरण पावतो. घरातील ओव्हनमध्ये २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्यावर ३० सेंटिमीटरचे पोलाद जवळपास पाऊण मिलिमीटरने वाढते, तर तेवढाच कॉर्डिएराइटचा दगड एक-दोन दशांश मिलिमीटरच्या आसपास वाढतो. म्हणूनच तो वारंवार तापून-थंड होऊनही सहसा तडकत नाही.

सहसा, असे मी मुद्दाम म्हणते.

मी यासाठी १,८५० रुपये दिले. आमचा ओव्हन ४५ लिटरचा, साधा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आहे आणि त्याची कमाल मर्यादा २५० अंशांची आहे. दगड खालच्या जाळीवर ठेवला की सर्व बाजूंनी दोन बोटे मोकळी जागा उरते, आणि ती उरायलाच हवी, नाहीतर गरम हवा वर-खाली फिरत नाही. ३० लिटर किंवा त्याहून लहान ओव्हन असणाऱ्यांनी घरून आतले माप घेऊनच दुकानात जावे. हा दगड त्यांच्याकडे मावणार नाही. भाजणीबद्दल माझी काहीही तक्रार नाही. अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये पिझ्झ्याचा तळ पांढरट आणि ओलसर राहत असे, तो आता खमंग आणि कुरकुरीत होतो, कारण तापलेला सच्छिद्र दगड पिठातील ओल पटकन खेचून घेतो आणि साठवलेली उष्णता सावकाश, सगळीकडे सारखी परत देतो. ७ ते ९ मिनिटांत पिझ्झा तयार होतो. पाव आणि कुलचेही उत्तम होतात. बाजरीची भाकरी मात्र मी अजूनही तव्यावर टाकून विस्तवावरच फुगवते. तिथे या दगडाचे काम नाही.

या दगडाचा हाच गुण, म्हणजे ओल खेचून घेणे, स्वच्छतेच्या वेळी त्याचा शत्रू होतो. सोबत मिळालेल्या चिठ्ठीत चार ओळी होत्या आणि त्यांतली एक अशी की वापरानंतर दगड कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावा. मी ती ओळ प्रमाण मानली. पिझ्झा झाला की इतर भांड्यांबरोबर दगडही बेसिनमध्ये जाई, घासला जाई आणि पालथा घातलेल्या ताटांशेजारी निथळत राही. तीन महिन्यांनी घरच्या पावाला एक विचित्र, सुगंधी म्हणावा असा वास येऊ लागला. आम्ही यीस्ट बदलले, पीठ बदलले, पाव बाहेरच्या बेकरीतल्यासारखा का होत नाही म्हणून हळहळलो. तो वास भांड्याच्या साबणाचा होता आणि तो दगडातून येत होता, हे लक्षात यायला आणखी काही आठवडे गेले.

त्यानंतर तो दिवस आला. आदल्या रात्री दगडावर चीज सांडून करपले होते, म्हणून मी तो तासभर पाण्यात भिजत ठेवला, मग घासला आणि उभा करून ठेवला. वरून हात फिरवला तर तो अगदी कोरडा लागत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुणे यायचे होते, ओव्हन आधीच दुसऱ्या पदार्थासाठी तापलेला होता, आणि मी तो दगड थेट त्या तापल्या ओव्हनमध्ये सरकवला. दहा मिनिटांनी आतून फटाक्यासारखा आवाज आला. दार उघडून पाहिले तर दगडाचे दोन तुकडे जाळीवर विलग पडले होते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. दगड बाहेरून कोरडा झाला तरी आतल्या बारीक छिद्रांत पाणी बराच काळ टिकून राहते. त्या पाण्याला १०० अंशांवर उकळी फुटते आणि त्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या १६०० पटींहून अधिक जागा मागते. दगड हळूहळू तापत असेल तर ही वाफ छिद्रांतून सावकाश निघून जाते. तो एकदम तापला तर तिला बाहेर पडायला वेळच मिळत नाही आणि ती दगडाला आतून फोडते. त्यात भर म्हणून दगडाची कोरडी बाजू लवकर तापते, ओली बाजू मागे राहते आणि दोन्हींमधला ताण वाढत जातो. कॉर्डिएराइट कितीही कमी प्रसरण पावत असले तरी या दोन गोष्टी एकत्र आल्यावर त्याचाही निभाव लागत नाही.

माझ्या सासूबाई बागलाणच्या. त्यांनी ते दोन तुकडे हातात घेऊन उलटसुलट पाहिले, नखाने खरवडले आणि म्हणाल्या, "अगं, हे तर खापरच आहे. खापराला कुणी साबण लावतं का?" सटाणा, कळवण, मालेगाव या भागांत पुरणाचे मांडे करण्यासाठी चुलीवर पालथे घालतात ते मातीचे रुंद खापर मी त्यांच्या माहेरी पाहिलेले होते, हातांवर पसरवत मोठा केलेला मांडा त्यावर अलगद टाकतात. पण हा दगड आणि ते खापर एकाच जातीचे आहेत, हे माझ्या मनात कधी आले नव्हते. "आई, मग खापर स्वच्छ कसं करायचं?" असे मी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, ते पूर्ण निवेपर्यंत हात लावायचा नाही, मग चिकटलेले खरवडून काढायचे, कोरड्या फडक्याने पुसायचे आणि कोरड्या जागी ठेवायचे, काळे पडले तर पडू द्यायचे. दुसऱ्या दगडाची सगळी निगा याच चार वाक्यांवर उभी आहे. पुढे मी जे लिहिते आहे ते त्या वाक्यांचेच विस्तारलेले रूप आहे.

निवण्याबाबत घाई करू नये. पातळ स्टीलची ताटली पाच मिनिटांत थंड होते, या दगडाला दीड-दोन तास लागतात. रात्री ९ वाजता ओव्हन बंद केला तर साडेदहापर्यंत तो हाताने धरण्याजोगा होत नाही. मी तो ओव्हनमध्येच राहू देते आणि सफाई दुसऱ्या दिवशी सकाळी करते. मध्येच वीज गेली तरीही तो बाहेर काढण्याची धडपड करू नये. तापलेला दगड ओट्यावर ठेवणे तर कटाक्षाने टाळावे. आपल्याकडील बहुतेक ओटे कडप्प्याचे किंवा ग्रॅनाइटचे असतात, डिसेंबर-जानेवारीत नाशिकचे किमान तापमान अनेकदा १० अंशांच्या खाली उतरते आणि त्या दिवसांत ओटा किती गार पडतो हे सकाळी पोळ्या लाटणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अगदीच काढावा लागला तर लाकडी पाटावर जाळीचे स्टँड ठेवून त्यावर ठेवावा. धरण्यासाठी वापरायचे फडके कोरडेच हवे; ओले फडके तापल्या दगडाला लागले तर त्या जागी चरा जाऊ शकतो आणि वाफेने हातही भाजतो.

निवलेला दगड मी अंगणात किंवा गॅलरीत वर्तमानपत्रावर ठेवते आणि सपाट कडेच्या कालथ्याने खरवडते. कालथा दगडाशी जवळजवळ आडवा धरावा, म्हणजे चीजची पापुद्र्यासारखी खपली निघते. उभा धरून खणल्यासारखे केले तर पृष्ठभागाचे कण सुटतात. लाकडी किंवा कडक प्लॅस्टिकचा कालथा बहुतेक वेळा पुरतो. लोखंडी कालथ्याने दगडावर करड्या रेघा उमटतात आणि त्या पाहून दगड ओरखडला असे वाटते, पण प्रत्यक्षात दगड धातूपेक्षा कठीण असल्याने झिजलेला असतो तो कालथा, आणि रेघा त्याच्या धातूच्या असतात. त्याने बिघडत काही नाही. त्यानंतर नारळाच्या काथ्याच्या ब्रशने राख, करपलेले पीठ आणि रव्याचे कण झाडून टाकावेत. तारांचा ब्रश मी घरात ठेवलेलाच नाही. त्याची एखादी तार तुटून दगडाच्या खरखरीत पृष्ठभागात अडकली आणि ती पावाबरोबर पोटात गेली तर तो धोका कोणत्याही डागापेक्षा मोठा आहे. शेवटी कोरडे सुती फडके फिरवले की काम झाले. दहापैकी नऊ वेळा सफाई इथेच संपते आणि तिला पाच मिनिटेही लागत नाहीत.

ही पद्धत केवळ आपल्याकडच्या खापराची नाही. इटलीतल्या नेपल्समध्ये, जिथल्या पिझ्झा करण्याच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले, तिथे लाकडाच्या भट्टीचा तळच दगडविटांचा असतो आणि पिझ्झा थेट त्यावर भाजतात. तो तळ कुणी धूत नाही, ब्रशने झाडतात. आपल्या बेकऱ्यांच्या जुन्या भट्ट्या आणि ढाब्यांवरचे तंदूरही कुणी साबणाने धुतल्याचे ऐकिवात नाही. तापमानच त्यांची स्वच्छता राखते. घरगुती ओव्हनमध्ये दगड पाऊण तास २५० अंशांवर राहतो, त्यामुळे धुतला नाही तर त्यावर जंतू राहतील, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. मला हे मान्य करायला वेळ लागला, कारण जेवणाचे प्रत्येक भांडे पाण्याखाली धरल्याशिवाय ते स्वच्छ झाले असे आपल्या मनाला पटत नाही.

आता उरलेल्या दहाव्या वेळेबद्दल. टोमॅटोचा सॉस, साखर असलेला एखादा पदार्थ किंवा बरेचसे चीज एकाच जागी सांडून कोळशासारखे घट्ट बसले, की नुसत्या खरवडण्याने ते निघत नाही. अशा वेळी पहिला उपाय पाण्याचा नव्हे, उष्णतेचाच करावा. दगड थंड ओव्हनमध्ये ठेवून तो २५० अंशांवर तासभर तापवावा आणि आतच निवू द्यावा. चिकट भाग वाळून ठिसूळ होतो आणि दुसऱ्या दिवशी कालथ्याने सहज सुटतो. धूर होईल, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. त्यानेही भागले नाही तर खाण्याचा सोडा वापरावा: तीन चमचे सोडा आणि एक चमचा पाणी असा घट्ट लेप करून तो फक्त डागावर लावावा, जुन्या टूथब्रशने गोल गोल घासावा आणि ओलसर, म्हणजे घट्ट पिळलेल्या फडक्याने दोन-तीनदा टिपून घ्यावा. सोड्याचे कण दगडापेक्षा पुष्कळ मऊ असतात, त्यामुळे दगड झिजत नाही, आणि सोडा सौम्य अल्कली असल्याने तेलकटपणा सुटायला मदत होते.

इथे एक सूचना आवर्जून करते. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा हे दोन वेगळे पदार्थ आहेत. किराणा दुकानात नुसता "सोडा" मागितला तर कोणता मिळेल याची खात्री नसते, आणि धुण्याचा सोडा बराच तीव्र असून छिद्रांत शिरला की तो पूर्ण काढता येत नाही. पापडखारही याच कारणासाठी टाळावा. व्हिनेगर आणि सोडा एकत्र करून फेस काढण्याची हल्ली पद्धत पडली आहे, पण ते दोन्ही एकमेकांची धार मारतात आणि दगडाला मिळते ते मुख्यतः पाणी, म्हणजे त्याला नको असलेली एकमेव गोष्ट.

लेप लावलेल्या दगडाला वाळवणे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि आमच्या चिठ्ठीत त्याचा उल्लेखही नव्हता. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मी दगड जाळीवर, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असा २४ तास ठेवते. पावसाळ्यात दोन ते तीन दिवस ठेवते, आणि खरे सांगायचे तर जून ते सप्टेंबर या काळात सोड्याचा लेप लावणेच टाळते. डाग दसऱ्यापर्यंत तसाच राहिला तरी चालतो. वाळवल्यानंतरच्या पहिल्या वापरात दगड थंड ओव्हनमध्ये ठेवून आधी १०० अंशांवर अर्धा-पाऊण तास तापवते, मग तापमान १५० वर आणि त्यानंतर २५० वर नेते. वीज थोडी अधिक जळते. आमच्या २,००० वॅटच्या ओव्हनला एका तासात जास्तीत जास्त २ युनिटे लागतात, म्हणजे या खबरदारीचा खर्च नव्या दगडाच्या किमतीच्या तुलनेत नगण्य आहे. पावसाळ्यात दगड महिनाभर वापरला नसेल, तर तो धुतलेला नसतानाही मी हीच पायरी पाळते, कारण दमट हवेतूनही तो ओल धरतो. बेसिनखालच्या कपाटात तर तो कधीच ठेवू नये.

तेलाबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवे, कारण या बाबतीत चांगल्या सुगरणींचीही गल्लत होते. लोखंडी तवा किंवा बिडाचे भांडे आपण तेल लावून तापवतो आणि त्यावर काळा, गुळगुळीत थर बसला की भांडे तयार झाले असे म्हणतो. तिथे तेल लोखंडाच्या पृष्ठभागावर घट्ट पातळ कवच धरते आणि गंज रोखते. दगडाला गंज येत नाही आणि त्याचा पृष्ठभाग बंदिस्तही नसतो. तेल वर राहत नाही, आत मुरते. तिथे ते खवट होते, पुढच्या वेळी दगड तापला की धूर करते आणि त्या धुराचा वास ताज्या पावाला लागतो. माझ्या एका शेजारणीने नवा दगड आणल्याबरोबर त्याला दोन्ही बाजूंनी शेंगदाण्याचे तेल चोळले. त्यानंतर तीन वेळा तिच्या स्वयंपाकघरात इतका धूर झाला की तिने दगड माळ्यावर टाकला. आम्ही तो खाली काढून रिकामाच २५० अंशांवर चार वेळा, दर वेळी तासभर तापवला तेव्हा कुठे धूर थांबला. दगड आता तपकिरी दिसतो, पण काम चोख करतो. लोणी लावलेला गार्लिक ब्रेड किंवा तूप सोडलेला कोणताही पदार्थ यासाठीच थेट दगडावर ठेवू नये. मध्ये छोटा ट्रे घ्यावा.

डागांविषयीची खंत मात्र सोडून द्यावी लागते. नाशिकला तांब्या-पितळेच्या भांड्यांची मोठी परंपरा आहे. तांबट आळीत ठोके पडून घडलेला हंडा चिंच-मिठाने घासून लखलखीत ठेवणे ही आमच्या घरातली जुनी सवय आहे आणि भांडे चकाकते तेच स्वच्छ, ही समजूत त्या सवयीतून आलेली आहे. पिझ्झा स्टोन कधीही चकाकत नाही. दहाव्या वापरानंतर त्यावर तपकिरी गोल उमटतात, तिसाव्यापर्यंत काळे ठिपके पडतात, आणि हे सारे कार्बनचे निरुपद्रवी डाग असतात. बोट फिरवून पाहावे: बोटाला काही चिकटले नाही, काही उंचवटा लागला नाही आणि दगड तापल्यावर धूर किंवा वास आला नाही, तर तो स्वच्छ आहे. पाहुण्यांसमोर डाग नको वाटत असतील तर दगड उलटा करून वापरावा. आमच्या दगडाच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत. मी तसे अधूनमधून करते, कारण खालच्या बाजूचे डाग ओव्हनच्या आचेने हळूहळू फिकट होतात. पॉलिश पेपरने घासून नवेपणा आणणे शक्य आहे, पण त्याची बारीक धूळ श्वासात जाणे चांगले नाही आणि मिळणारा लाभ फक्त डोळ्यांपुरता आहे.

मुळात घाण कमी व्हावी यासाठी मी तीन गोष्टी पाळते. पिझ्झा सरकवण्याच्या लाकडी फळीवर बारीक रवा भुरभुरते, मैदा नाही. मैदा दगडावर पडताच करपतो आणि कडवट होतो, रव्याचे कण मात्र चाकांसारखे काम करतात आणि पिझ्झा अलगद घसरतो. सॉस आणि चीज कडेपासून दोन बोटे आत ठेवते. आणि दगड पुरता तापल्याशिवाय पिझ्झा आत घालत नाही. ओव्हनचा दिवा दहा-बारा मिनिटांत विझतो, पण तो आतल्या हवेचा हिशोब असतो. दगडाला ४५ मिनिटे द्यावीच लागतात. अर्धवट तापलेल्या दगडाला ओले पीठ चिकटते, ओढताना फाटते, भोकातून सॉस खाली उतरतो, आणि सगळ्यांत वाईट डाग असे पडतात. ज्यांना फळीवरून पिझ्झा सरकवण्याची भीती वाटते त्यांनी सुरुवातीला बेकिंग पेपर वापरावा, मात्र बहुतेक बेकिंग पेपर २२० अंशांच्या आसपासच्या तापमानासाठीच बनवलेले असतात, म्हणून दोन मिनिटांनी तळ धरला की तो ओढून काढावा. फ्रीझरमधला गोठलेला पिझ्झा थेट तापल्या दगडावर ठेवणे म्हणजे दगडाचे आयुष्य पणाला लावणे आहे. तो आधी पूर्ण वितळू द्यावा.

दगड कायम ओव्हनमध्येच ठेवावा का, असे मला विचारले जाते. फक्त पाव आणि पिझ्झाच करणार असाल तर जरूर ठेवावा, कारण सारखी उचल-ठेव हेही फुटण्याचे एक कारण आहे. आमच्याकडे केक आणि नानकटाईही होतात आणि खालच्या जाळीवरचा दगड खालची आच अडवतो, त्यामुळे मी तो काढून मसाल्याच्या कपाटात सुती कापडात गुंडाळून आडवा ठेवते. त्यावर कुकर किंवा जड पातेली रचू नयेत.

पहिल्या दगडाचे ते दोन तुकडे आम्ही फेकले नाहीत. इपॉक्सीने सांधण्याचा सल्ला एकाने दिला होता, तो मी मानला नाही. असे चिकट पदार्थ २५० अंशांना अन्नाजवळ असू नयेत. तुकडे स्वच्छ तुटलेले असल्याने जाळीवर एकमेकांना भिडवून ठेवले की त्यांवर लादी पाव व्यवस्थित भाजला जातो, आणि दिवाळीत दोन्ही दगडांवर मिळून काम निम्म्या वेळात होते. काहींनी बाजारातला दगड घेण्याऐवजी फरशीचा तुकडा किंवा गोदावरीच्या पात्रातला चपटा दगड वापरता येईल का, असेही विचारले. पात्रातला दगड अजिबात तापवू नये. त्याच्या आत अडकलेले पाणी तो फोडू शकते आणि त्याचे तुकडे उडू शकतात. पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर अनेकदा रेझिनची प्रक्रिया केलेली असते, म्हणून तोही अन्नासाठी योग्य नाही.

दगडाला मी पाचपैकी साडेचार गुण देईन आणि सोबतच्या चिठ्ठीला एकही नाही. ज्यांच्या घरी महिन्यातून दोनदा तरी पिझ्झा, कुलचे किंवा पाव होतात त्यांनी तो अवश्य घ्यावा. ज्यांच्याकडे भांडी घासायला मदतनीस ताई येतात त्यांनी त्यांना हा दगड दाखवून, तो पाण्यात घालायचा नाही हे पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगावे. त्यांच्या दृष्टीने तोही घासायच्या ढिगातला एक जड तवाच असतो आणि चूक झाली तर ती त्यांची नसते. भांडी बाजारात खरेदी करणार असाल तर खोक्यावरच्या चित्रावर समाधान मानू नका, दगड बाहेर काढायला सांगा. जाडी १२ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर घेऊ नका. कडांवरून बोट फिरवून टवके उडालेले नाहीत ना ते पाहा. मग माठ घेताना करतो तसे, दगड एका हाताच्या बोटांवर तोलून दुसऱ्या हाताने टिचकी मारा. आवाज खणखणीत आला तर पैसे द्या. बद्द आला तर आत कुठेतरी चीर आहे, दुसरा काढायला सांगा. मी दुसऱ्या खेपेला तीन दगड असे वाजवून पाहिले आणि त्यांतला तिसरा घेतला.